इंजिन चालू, गाडी मात्र हलेना

खोपोली मागे पडते आणि बोरघाटाची चढण सुरू होते. गाडीत चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू. बारा-चौदा वर्षांची ऑटोमॅटिक गाडी इथवर विनातक्रार आलेली असते. एका वळणानंतर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा चार हजारांच्या पुढे उसळतो आणि वेग मात्र उतरू लागतो. ६०, ५०, ४०. इंजिन बंद पडलेलं नाही, लाइट चालू आहेत, गाणीसुद्धा चालू आहेत. फक्त इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. आणि मागून ट्रक येत आहेत.

असा प्रसंग ज्यांच्यावर आला, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘काही कल्पना नसताना अचानक झालं हो.’ गाडी थांबली अचानक, हे खरं. पण गिअरबॉक्स अचानक मेला, हे बहुतेक वेळा खरं नसतं. मधुमेह जसा पायाला जखम होईपर्यंत काही बोलत नाही असं आपल्याला वाटतं आणि रक्ततपासणी मात्र वर्षानुवर्षं सांगत असते, तसंच इथेही आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं रक्त म्हणजे त्याचं तेल, आणि ते तपासण्याची सवय आपल्याकडे जवळजवळ नाही.

इंजिनात तेल असतं ते मुख्यतः घर्षण कमी करायला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलच काम करतं. मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचप्लेट असते. ऑटोमॅटिकच्या सर्वांत रुळलेल्या प्रकारात तिथे टॉर्क कन्व्हर्टर नावाचं मेदूवड्याच्या आकाराचं बंद भांडं असतं. टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल आहे, एवढाच फरक. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, गिअरबॉक्सकडचा त्या माऱ्याने फिरतो. दोघांमध्ये लोखंडाची जोडणी नसल्यामुळेच सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही. ही कल्पना हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. १९०५ मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं ते मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी. भन्नाट वेगाने फिरणारी वाफेची टर्बाइन आणि संथ फिरणारा जहाजाचा पंखा यांची सोयरीक जुळवायची होती. मोटारीत पूर्ण ऑटोमॅटिक गिअर मोठ्या संख्येने आणला तो जनरल मोटर्सने. १९३९ मध्ये जाहीर झालेला त्यांचा हायड्रामॅटिक १९४० च्या ओल्डस्मोबाइल गाड्यांत बसला.

कन्व्हर्टरच्या मागेच तेलाचा पंप असतो. इंजिन फिरलं की तो फिरतो आणि तेलाचा दाब तयार करतो. आत पोलादी चकत्यांचे गठ्ठे असतात. एकाआड एक चकतीवर कागदासारख्या पदार्थाचा थर चिकटवलेला असतो. कोणता गठ्ठा तेलाच्या दाबाने आवळायचा आणि कोणता सोडायचा, यावर कोणता गिअर पडणार हे ठरतं. हे ठरवणारे लहान-लहान विजेवर चालणारे व्हॉल्व्ह म्हणजे सोलेनॉइड, आणि त्यांना हुकूम देणारा गाडीचा संगणक. म्हणजे ताकद पोचवायची तेलाने, चकत्या आवळायच्या तेलाने, गंगावन झालेली उष्णता बाहेर न्यायची तीही तेलानेच. दाब गेला की इंजिन कितीही ओरडलं तरी गाडी हलत नाही.

आता घाटात काय होतं ते पाहू. चढावर कन्व्हर्टरमधले दोन पंखे सारख्या वेगाने फिरत नाहीत, एक पुढे आणि दुसरा मागे रेंगाळत राहतो. या घसरणीत जी ताकद वाया जाते तिची उष्णता होते. समजा इंजिन ३० किलोवॅट ताकद देत आहे आणि त्यातली १५ टक्के घसरणीत गेली, तर साडेचार किलोवॅट झाले. घरातला साठवणीचा गिझर साधारण २ किलोवॅटचा असतो. म्हणजे जेमतेम एका बादलीत मावेल इतक्या तेलात दोनाहून अधिक गिझर चालू आहेत. ही उष्णता काढायला तेल नळ्यांतून कूलरकडे जातं, जो बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या पोटातच असतो. घाटात वाहतूक कोंडली आणि चालकाने ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी चढावर रोखून धरली, तर १५ टक्के सोडाच, सगळीच ताकद उष्णतेत जाते. ही सवय आपल्याकडे फार आहे. मॅन्युअल गाडीवर हाफ क्लचमध्ये घाट चढलेल्या पिढीला ती सोडवत नाही.

तेल साधारण ८०-९० अंश सेल्सिअसला सुखात असतं. त्यापुढे रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम लागू होतो: तापमान १० अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. लालसर तेल तपकिरी होतं, मग काळं, आणि त्याला करपल्याचा वास येतो. रबराची सीलं कडक होतात, त्यांच्या कडेने दाब निसटू लागतो. दाब कमी म्हणून चकत्या पुरेशा आवळल्या जात नाहीत, किंचित घसरतात. घसरल्या म्हणून तापतात, तापल्या म्हणून त्यांचा थर करपतो, करपलेला थर आणखी घसरतो. त्याचा भुगा तेलात मिसळून फिल्टर आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतो, दाब आणखी घटतो. हे चक्र अनेक महिने रांगत असतं. एखाद्या दिवशी चढ, ओझं आणि ऊन एकत्र येतात आणि शेवटचा टप्पा काही मिनिटांत उरकतो. आपण ‘अचानक’ म्हणतो तो हा शेवटचा टप्पा.

या तेलाकडून मागणी मात्र विचित्र आहे. दातेरी चाकांमध्ये त्याने निसरडं असावं आणि चकत्यांमध्ये मात्र नेमकं हवं तेवढंच घर्षण द्यावं. हा तोल साधायला अमेरिकेत अनेक वर्षं स्पर्म व्हेलच्या तेलाचा अंश वापरला जात असे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या देवमाशाला कायद्याने संरक्षण मिळालं आणि तेल कंपन्यांना पर्याय शोधावा लागला. सुरुवातीच्या पर्यायांपैकी काहींनी कूलरचे धातूचे भाग गंजवले. तेल गिअरबॉक्सला हवं तेच घाला, ‘चालतं साहेब, सगळं सारखंच असतं’ यावर जाऊ नका, असं आग्रहाने सांगण्यामागे असे अनुभव आहेत. याहून अलीकडचं उदाहरण नोव्हेंबर २०१३ चं. फोक्सवॅगनने जगभरातल्या १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल घालायचं जाहीर केलं. उष्ण-दमट हवेत आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत त्या तेलामुळे गिअरबॉक्सचा वीजपुरवठा बिघडू शकत होता. जर्मनीच्या थंडीत निर्धास्त असलेलं तेल आपल्यासारख्या हवेत दगा देऊ शकतं, ते असं.

मग तेल बदलायचं कधी? अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत हे तेल ‘आयुष्यभरासाठी भरलेलं’ असल्याचं लिहिलेलं असतं. आयुष्य कोणाचं, हे लिहिलेलं नसतं. गंमत अशी की अनेक नामांकित गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की तेल बदला म्हणते. गाडी विकणारा आणि गिअरबॉक्स बनवणारा यांत मतभेद असेल तर मी गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकेन. आपल्याकडचं ऊन आणि कोंडी पाहता त्या आकड्यांतला खालचा आकडा धरलेला बरा. मात्र गिअर आधीच घसरू लागले असतील तर ताजं तेल काही संजीवनी नव्हे. ‘तेल बदललं आणि दुसऱ्याच आठवड्यात गिअरबॉक्स गेला’ ही तक्रार बहुधा अशाच गाड्यांची असते. तिथे चकत्या आधीच संपलेल्या असतात.

गिअरबॉक्स कुरकुरतो तो कसा? सकाळी थंड गाडीत ‘डी’ किंवा ‘आर’ लावल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करते आणि मग धक्का देऊन निघते. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना मध्येच इंजिन क्षणभर मोकळं पळतं. ताशी ५०-६० किलोमीटरच्या स्थिर वेगात रस्ता गुळगुळीत असूनही खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येते. पार्किंगच्या फरशीवर लालसर, तेलकट डाग दिसतो. एसीचं पाणी रंगहीन असतं, त्यामुळे घोळ व्हायचं कारण नाही. सगळ्यांत दुर्लक्षित खूण म्हणजे गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहणं. संगणकाला काही गैर दिसलं की तो उरलेलं वाचवायला एकच गिअर धरून ठेवतो आणि दिवा लावतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की कित्येकदा सगळं सुरळीत होतं, आणि आपण ‘झालं ठीक’ म्हणून पुढे जातो. ती सवलत फक्त सुरक्षित जागी पोचण्यापुरती असते. घाट ओलांडण्यासाठी नसते.

कूलर रेडिएटरच्या पोटात असलेल्या जुन्या गाड्यांचं एक वेगळंच दुखणं आहे. आतली नळी गंजून फुटली की कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळतात आणि गुलाबी मिल्कशेकसारखा फेसाळ द्रव तयार होतो. कूलंटमधलं पाणी आणि ग्लायकॉल चकत्यांवरच्या थराचा चिकटा सोडवतात. रेडिएटरच्या झाकणाखाली किंवा कूलंटच्या बाटलीत असा गुलाबी साका दिसला तर गाडी सुरूही करू नये. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी याच वर्गात येते. गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर जाण्यासाठी छोटं तोंड असतं, तिथून पाणी शिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं. अशा गाड्या धुऊन-पुसून जुन्या बाजारात येतात. त्यांचं इंजिन सगळे ऐकून बघतात, गिअरबॉक्सचं तेल मात्र कोणी काढून बघत नाही.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सबद्दल झालं. २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे स्वस्तात पसरलेली एएमटी वेगळी. तिथे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच दाबायला आणि गिअर बदलायला माणसाऐवजी यंत्र. घाटात रांगताना तिचा क्लच तापतो, आणि तो गेला तर इलाज मॅन्युअल गाडीसारखाच आहे. सीव्हीटीमध्ये दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा असतो. तिचं तेलही वेगळं, आणि नेहमीचं लाल तेल चुकून भरलं तर पट्टा घसरून ती लवकर संपते.

आता पुन्हा रस्त्यावर. ताकद गेली त्या क्षणी हाताशी किती वेळ असतो? चढ साधारण ५ टक्के आणि वेग ताशी ५० किलोमीटर धरला तर ब्रेक न दाबता गाडी वीस-बावीस सेकंदांत, दीडशे मीटरच्या आसपास थांबते. सपाट एक्स्प्रेस-वेवर ८० च्या वेगात असाल तर अर्धा किलोमीटर सहज घरंगळता येतं. घाबरलेल्या माणसाचे यातले पहिले काही सेकंद ॲक्सिलरेटर आणखी दाबण्यात जातात, कारण पायाला तेवढंच ठाऊक असतं. त्याने फायदा काही होत नाही, उरलेल्या चकत्या मात्र जळतात. पाय काढा, चारही इंडिकेटर लावा, आरशात बघून डावीकडे सरकत जा. लिव्हर ‘एन’मध्ये टाकलात तरी चालेल, ‘पी’मध्ये मात्र चालत्या गाडीत कधीही नाही. आणि चावी फिरवू नका. इंजिन चालू आहे तोवर स्टिअरिंग हलकं आहे आणि ब्रेकला जोर आहे. इंजिन बंद केलं तर ब्रेकच्या मदतीचा साठा दोन-तीन दाबांत संपतो आणि चावी पूर्ण मागे गेली तर स्टिअरिंगही अडकू शकतं.

गाडी कडेला थांबली की चढावर ती मागे घसरू पाहील, त्यासाठी ब्रेक धरून हँडब्रेक पूर्ण ओढा, मग ‘पी’. नुसत्या ‘पी’वर विसंबू नका. बिघाड गिअरबॉक्सचा नसून चाकाकडे जाणारा ड्राइव्हशाफ्ट तुटल्याचा असेल तर ‘पी’ गाडी धरू शकत नाही, कारण त्याची पकड त्याच शाफ्टमधून चाकाला मिळते. चाकामागे दगड लावणं ही आपली जुनी पद्धत उत्तम आहे. निघताना तो दगड रस्त्यातून उचलणं ही पद्धत मात्र घाटात अजून रुजलेली दिसत नाही. धूर किंवा जळका वास असेल तर इंजिन लगेच बंद करून सगळ्यांनी उतरावं. गळणारं तेल तापलेल्या सायलेन्सरवर पेट घेऊ शकतं. फक्त तापल्याचा दिवा लागला असेल आणि गाडी सुरक्षित जागी असेल तर उलट इंजिन ‘पी’मध्ये चालू ठेवावं, म्हणजे पंप तेल कूलरकडे फिरवत राहतो.

माणसांचं काय? बंद गाडीत बसून क्रेनची वाट पाहणं ही सर्वांत धोक्याची गोष्ट. मागून ताशी ८० किलोमीटरने येणारं वाहन १०० मीटर अंतर साडेचार सेकंदांत कापतं. त्यातला दीड सेकंद तरी त्या चालकाला समोरची गाडी उभी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. पावसाळ्यात घाटातलं धुकं उतरलं की उरलेले तीनही राहत नाहीत. डावीकडच्या दारांनी उतरा, मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना आधी, आणि कठड्याच्या पलीकडे, गाडीच्या मागच्या दिशेला, सुरक्षित अंतरावर उभे राहा. पुढे उभे राहिलात आणि धडक बसली, तर आपलीच गाडी अंगावर येते. कठड्यापलीकडे दरी असेल तर कठड्याला लागून, गाडीपासून लांब. लाल त्रिकोणाबद्दल ब्रिटनचा हायवे कोड सांगतो की साध्या रस्त्यावर तो किमान ४५ मीटर मागे ठेवा, मोटरवेवर मात्र ठेवायला जाऊच नका. वेगवान रस्त्यावर त्रिकोण ठेवायला पाठमोरं चालत जाणारा माणूस त्रिकोणापेक्षा मोलाचा आहे, हा हिशेब आपल्या एक्स्प्रेस-वेलाही लागू पडतो. फोन ११२ वर करा.

मदत आली की पुढची चूक व्हायची शक्यता असते ती टोचन करण्याची. दोरीने किंवा साखळीने ओढलं की चाकं फिरतात, चाकांबरोबर गिअरबॉक्सचे आतले भाग फिरतात, पण इंजिन बंद असल्याने पंप फिरत नाही. म्हणजे सगळं कोरडं घासत जातं. वीस-पंचवीस किलोमीटरच्या टोचनात दुरुस्त होण्याजोगा गिअरबॉक्स भंगारात जाऊ शकतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढची चाकं उचलून न्यावी, चारही चाकांवर चालणारी फक्त सपाट ट्रकवर. धक्का मारून ऑटोमॅटिक सुरू होत नाही, तेही याच पंपामुळे.

गॅरेजमध्ये पहिलंच वाक्य ‘गिअरबॉक्स गेला, लाखभर काढा’ असं आलं तर घाई करू नका. ताकद चाकांपर्यंत न पोचण्याची स्वस्त कारणंही आहेत. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलच्या टोकाचं रबरी किंवा प्लॅस्टिकचं बुश तुटलं की लिव्हर ‘डी’वर दिसतो आणि गिअरबॉक्स ‘एन’मध्येच असतो. तुटलेला ड्राइव्हशाफ्ट खाली वाकून बघितलं तरी ओळखू येतो: गाडी ‘डी’मध्ये ठेवल्यावर शाफ्ट फिरतो आणि चाक नाही. गळतीने तेलाची पातळी खाली गेलेली असते, एखादा सोलेनॉइड किंवा वायरचा जोड गंजलेला असतो, किंवा बॅटरीची अर्थिंग सैल असते. संगणकाचे कोड वाचून घ्या, तेलाची पातळी तुमच्यासमोर पाहायला सांगा. मग खालचं तेलाचं भांडं उघडायला सांगा आणि त्याच्या तळाशी असलेल्या चुंबकावर काय जमलंय ते स्वतः बघा. राखाडी, मऊ, मलमासारखा लेप ही वयाची झीज. तेलात काळा भुगा असेल तर चकत्या जळालेल्या. चुंबकाला बोटाला टोचतील असे धातूचे तुकडे चिकटलेले असतील तर मात्र गिअरबॉक्स उतरवायलाच लागतो.